पुस्तकातल्या सवाष्णी

आमच्या घरमालकीणबाईंच्या जिन्याचा एक नियम होता. चढताना-उतरताना भिंतीकडची बाजू मोकळी सोडायची, कठड्याच्या बाजूनं जायचं. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दळणाचा डबा घेऊन चढताना दमले आणि भिंतीला टेकले, तर खालून बाई कडाडल्या, "अगं, त्या बाजूनं नको! मुली चढतात तिकडून. त्यांना दम लागतो, भिंतीचा आधार लागतो."

"कुठल्या मुली?" मी विचारलं. घरात तर बाई एकट्याच.

"कळेल," असं म्हणून त्या पिशवी घेऊन भाजीला निघून गेल्या.

मी तेव्हा नवी नवरी. नवरा एमआयडीसीत शिफ्टला, मी घराजवळ सावेडीतच एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. वरच्या दोन खोल्या आमच्या, खालचं घर बाईंचं. नवऱ्याला हा मुलींचा प्रकार सांगितला, तर तो म्हणाला, "पाणी रोज येतंय ना? मग मुली चढू दे नाहीतर उतरू दे." पुरुषांचं हे एक बरं असतं.

बाई पूर्वी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर शाळा सुटली, पण शाळेतला आवाज काही सुटला नाही. सुती साडी, डोक्याला खोबरेल आणि पायात पुरुषांचे काळे लेसवाले बूट. "चपलेनं माणूस फरपटत चालतो," म्हणायच्या. सगळी कॉलनी त्यांना बाईच म्हणायची आणि लांबून दिसल्या की गल्ली बदलायची. कारण बाई भर रस्त्यात कुणालाही थांबवून विचारायच्या, "तपासून घेतलंस का?" भाजी घेणाऱ्या बायका, स्कूटरवरच्या पोरी, कुणीही. एखादीनं चुकून "काय तपासून, बाई?" असं विचारलं की संपलंच. 'स्तन' हा शब्द बाई असा खणखणीत उच्चारायच्या, की भाजीवाला मेथीची जुडी तोंडासमोर धरून हिशेब करायला लागायचा.

बाईंच्या मधल्या खोलीत दोन कपाटं होती आणि त्यांत नुसत्या कादंबऱ्या. बरं, साध्या नाहीत. तरुण बाई, तिला स्तनाचा कॅन्सर होतो, एवढ्याच. दुसऱ्या विषयाचं पुस्तक घरात नाही, पोथीसुद्धा नाही. मराठीतल्या, इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या, हिंदी, काही जाड, काही सुपारीच्या पुडीसारख्या. कुणी पुण्याहून कुरिअरनं पाठवायचं, काही जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळायच्या. गाडीवाल्या चाचांना पाठच होतं. बाई दिसल्या की ते म्हणायचे, "बाई, एक आयी है, लेकिन बच जाती है." मग बाई खूश होऊन ती आधी घ्यायच्या.

त्या नायिकांना बाई नावानं ओळखायच्या नाहीत. 'ती पोहायला शिकवणारी', 'ती लांब वेणीची', 'ती वकीलीण, नवऱ्याशी भांडते ती'. मधल्या खोलीतला पंखा थंडीतही चालू असायचा, कारण त्या वकीलणीला घुसमटायला होतं. मी एकदा सहज बंद केला, तर दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि आता खरी गंमत सांगते. बाई एकाही कादंबरीचा शेवट वाचायच्या नाहीत. पुस्तक घरात आलं की पहिलं काम म्हणजे शेवटचं प्रकरण शोधून ते शिवणाच्या दोऱ्यानं बांधून टाकायचं. तिथपर्यंत चवीनं वाचायच्या, रडायच्या, नायिकेच्या सासूला शिव्या घालायच्या. मग दोरा तसाच ठेवून पुस्तक घेऊन वर माझ्याकडं. "हे घे. वाच आणि सांग."

मी दोरा कापायचा, शेवटचं प्रकरण वाचायचं आणि खाली जाऊन उंबऱ्यात उभं राहायचं. बाई एकच प्रश्न विचारायच्या.

"पान वाढायचं?"

ती पोरगी मेली असेल तर मी म्हणायचे, वाढायचं. बाई पदरानं डोळे पुसून पुस्तक खालच्या कप्प्यात ठेवायच्या. जगली असेल तर मी म्हणायचे, नाही वाढायचं. मग बाई देवासमोरचा गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवायच्या आणि स्वतः एक तोंडात टाकायच्या. कशी जगली, कशी गेली, शेवटचं काय बोलली, काही म्हणून ऐकून घ्यायच्या नाहीत. म्हणजे बघा, त्यांना सगळ्या सुरुवाती माहीत आणि मला नुसते शेवट. इतक्या बायका माझ्या डोळ्यांदेखत गेल्या, पण त्यांचे नवरे कोण, माहेर कुठलं, मला काडीची कल्पना नाही.

पान वाढायचं ते अविधवा नवमीला. पितृपक्षात नवमीच्या दिवशी, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवायला घालतात, ती. घरोघर आपापल्या सासवा-आज्यांसाठी करतात. बाई करायच्या पुस्तकातल्या पोरींसाठी. दर वर्षी खालच्या कप्प्यात जेवढी नवी पुस्तकं, तेवढी पानं आणि तेवढ्या सवाष्णी. प्रत्येक सवाष्णीला सांगायच्या, "तू आज लांब वेणीची आहेस. तिला तिखट सोसत नव्हतं, जपून खा."

बँकेतून रिटायर झालेल्या शेजारच्या काकूंना हे मुळीच पसंत नव्हतं. विधवा बाईनं अविधवा नवमी घालायची, तीही न जन्मलेल्यांची, हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं त्या सगळ्यांना विचारायच्या. पण नवमीला स्वतः पाटावर हजर, कारण बाईंच्या अळूवडीला तोड नव्हती.

मीही एकदा छेडलं, "बाई, त्यातल्या काहींची तर लग्नंच झालेली नाहीत."

"पान वाढताना मंगळसूत्र बघायचं नसतं," बाई म्हणाल्या. "लिहिणारे मारून मोकळे होतात. पुढं त्या पोरींनी जायचं कुठं? कोण आहे त्यांचं?"

मला हसू आलं होतं. पण त्या हसत नव्हत्या. गवार मोडत बसल्या होत्या, आणि हात न थांबवता त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. एकदाच. परत कधी नाही.

"श्रीगोंद्याकडंच दिली होती, आमच्या गावाजवळ. हाताला गाठ लागली तेव्हा पुरती पंचविशीची नव्हती. कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, मला नाही. मी इकडं मुलींना ज्वालामुखी शिकवत होते. आमच्यात त्या जागेचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. 'छातीत' म्हणायचं, तेही पदर सावरून. गाठ फुटून वाहायला लागली, सासूला वास आला, तेव्हा कळलं."

"मग?"

"मग काय. गेली. लोकांना काविळीनं गेली असं सांगितलं. नवऱ्यानं दुसरी केली. नवीच्या माहेरच्यांनी अट घातली, पहिलीचं नाव घरात काढायचं नाही. तिचं पान कुणी वाढलं नाही." बाईंनी गवारीची शीर ओढून काढली. "या पुस्तकातल्या पोरी बोलतात गं. रडतात, डॉक्टरांशी भांडतात, नवऱ्याला टाकून बोलतात. माझी बहीण एक शब्द बोलली नाही. ती काय बोलली असती, ते मी हुडकतेय."

त्यानंतर मी बाईंना हसायचं सोडलं. आणि खरं सांगायचं तर हसण्यासारखं काही उरलंही नव्हतं, कारण त्याच उन्हाळ्यात ती दुपार झाली.

डोकं चढलं होतं म्हणून मी क्लासला गेले नव्हते. पडदे ओढून पडले होते. कॉलनीत सामसूम, कुत्रंसुद्धा सावली धरून बसलेलं. जिन्यात पाऊल वाजलं. एक पायरी, मग थांबणं, मग श्वास, मग दुसरी पायरी. मला वाटलं बाई नवं पुस्तक घेऊन येतायत. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. कडी वाजेना. श्वास मात्र ऐकू येत होता, चढून आलेल्या माणसाचा असतो तसा. मी उठून दार उघडलं. कुणी नाही.

मी खाली बघत उभी राहिले आणि तेव्हा मला भिंत दिसली. रोज बघत होते, पण दिसली तेव्हा. एसटी स्टँडवर हात लागून लागून भिंत कशी काळी पडते, तसा एक मळकट पट्टा खालपासून वरपर्यंत चढत आला होता, माझ्या दारापाशी येऊन संपला होता. त्या भिंतीला हात लावायची आम्हाला कुणालाच मुभा नव्हती.

कशीबशी खाली गेले. बाई टबात मिठाचं गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसल्या होत्या. बूट कोपऱ्यात.

"बाई, तुम्ही आत्ता वर आला होतात?"

"नाही. ती नवीन आहे," बाई म्हणाल्या. "कालच आणली. तिला अजून खालचं-वरचं कळत नाही. घाबरू नकोस, काही करत नाहीत बिचाऱ्या."

 त्या दिवसापासून मी कठड्याला चिकटून जायला लागले. नवऱ्यानं चिडवलं. पण पुढं एका सकाळी डबा घेऊन उतरताना तोही अंग चोरून कडेनं उतरला, आणि वर "चुकून" म्हणाला.

श्रावणात न्हाताना माझ्या हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, भिजवलेल्या हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, हलत नव्हती. मी पाणी बंद करून तशीच उभी राहिले.

कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. लोक म्हणतील, शिकलेली बाई, रोज त्या घरात राहणारी, आणि अशी कशी? अहो, अशीच असते. सासूबाईंचा देवळालीहून दर रविवारी फोन यायचा, "मग, काय नवीन?" नवीन म्हणजे दिवस गेले का. नवऱ्याची नोकरी कायम व्हायची होती. आणि खरं कारण म्हणजे मी भ्याले होते. मी इतके शेवट वाचले होते, पण गाठ लागल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं असतं, ते कुठल्याच शेवटात लिहिलेलं नसतं. झाकली मूठ म्हणतात ना, तशी मी मूठ झाकून बसले, आणि आत विस्तव होता. क्लासमध्ये हसायचे, पोरांना ओरडायचे, घरी येऊन न्हाणीघरात दार लावून बघायचे. गाठ तिथंच.

बाई जिन्यात भेटल्या की मी घाईत असल्याचं दाखवायचे. सगळ्यांना विचारायच्या तो 'तपासून घेतलंस का?' त्यांनी मला कधी विचारला नव्हता. त्या महिन्यातही नाही. नुसत्या बघायच्या.

पितृपक्ष लागला आणि बाई एक पुस्तक घेऊन वर आल्या. चाचांच्या गाडीवर मिळालेलं, कव्हर नसलेलं. नेहमीसारखा दोरा. मी कापला. शेवटच्या प्रकरणाची सुरुवातीची दोन पानं होती आणि पुढं नुसता पुठ्ठा. बाकीची कुणीतरी फाडून नेली होती. त्या दोन पानांत एक मुलगी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती, उघडायचं की नाही ते ठरवत. बस, एवढंच.

मी खाली गेले. "बाई, हिचा शेवटच नाही."

बाईंचा चेहरा असा उतरला, की वाटावं, घरातलंच कुणी हरवलंय. चाचांकडं गेल्या, त्यांनी सगळी गाडी उपसली. पुण्याला फोन केले. कव्हर नाही, नाव नाही, कुणाला काय विचारणार? नवमीच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "वाढायचं. कळत नसलं की वाढायचं. जगली असेल तर एक पान वाया जाईल. गेली असेल तर उपाशी राहील ना गं. आणि तिच्या जागी तू बस."

मला बसायचं नव्हतं. पण सवाष्ण म्हणून बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नसतं. मी हो म्हटलं.

नवमीला दुपारी आम्ही गच्चीवर. बँकेतल्या काकू, कोपऱ्यावरची पार्लरवाली आणि मी. त्या वर्षी तिघीच होतो. कठड्यावर केळीची पानं मांडलेली, खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, अळूवडी, आणि प्रत्येक पानाशेजारी ते ते पुस्तक. कावळा शिवल्याशिवाय सवाष्णींनी जेवायचं नाही. पार्लरवालीच्या पोटात कावळे ओरडत होते, ती म्हणाली, "बाहेरचे नाही आले तर हेच सोडते."

पण बाहेरचे आले. पोहणारीच्या पानावर आले, दुसऱ्या पानावर आले, भांडून वडे नेले. माझ्या पानाकडं एकही फिरकेना. कठड्यावर चालत यायचे, त्या पानापाशी थांबायचे, मान वाकडी करायचे आणि मागं जायचे. ऊन डोक्यावर तापत होतं. खिरीवर साय धरली.

कावळा शिवला नाही म्हणजे मागं काहीतरी राहिलंय. मग घरच्यांनी मोठ्यानं कबूल करायचं, की ते आम्ही करू. बँकेतल्या काकूंनी हात जोडले, "बाई गं, तुझ्या मुलांना आम्ही अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. पार्लरवाली म्हणाली, "तुझे दागिने तुझ्या बहिणीलाच देऊ." ढिम्म.

"उगाच तोंडाला येईल ते बोलू नका," बाई म्हणाल्या. "मी वाचलंय तिला. तिला ना मूल ना बहीण. तिला न्हाताना गाठ लागली. डाव्या बाजूला. श्रावण चालू होता. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला सांगितलं नाही. वरून हसते, आत जळते. ते सांगायचं राहिलंय तिचं." बाई पानाकडं बघत नव्हत्या. "तू तिच्या जागी आहेस. तूच बोल."

हे सगळं खरंच त्या पुस्तकात होतं का, मला आजही माहीत नाही. ती सुरुवात मी वाचलेली नव्हती, आणि नंतर ते पुस्तक मला कपाटात सापडलं नाही.

 मी म्हणाले, "सांगते." मग म्हणाले, "आजच सांगते. मला पण गाठ आहे." आणि त्या भर उन्हात मी भोकाड पसरलं. पार्लरवालीनं मला धरलं. कावळा शिवला की नाही, मी बघितलंच नाही. ती अजून शपथेवर सांगते, की तू बोललीस आणि झपकन आला. बँकेतल्या काकू म्हणतात, कसला कावळा, शेवटी ते पान गाईला घातलं.

नवरा चारला आला. मी त्याला जिन्यातच गाठून सांगितलं, वर जाईपर्यंत धीर टिकला नसता. तो मटकन पायरीवर बसला. मग उठला, म्हणाला, "चल." मी म्हटलं, कपडे तरी बदल. म्हणाला, "चल म्हणतो ना." तशीच स्कूटरवर बसले.

सोनोग्राफी, सुई घालून तपासणी, मग ते रिपोर्टची वाट बघणं. रिपोर्ट आला तो नको तोच. सासूबाईंना फोन केला तेव्हा मला वाटलं आता नातवंडाचं काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "आगं येडे, लेकरू आज न्हाई उद्या हुईल, न्हाईतर न्हाई हुनार. तू ऱ्हा म्हंजी झालं." आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी देणं दिरावर टाकून पिशवी घेऊन दारात. मी या बाईला ओळखलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं. डावी बाजू गेली. तिसऱ्या दिवशी बाई वॉर्डच्या दारात आल्या. हातात डबा, पायात ते बूट. चादरीखालचं माझं अंग एका बाजूनं सपाट होतं, ते त्यांनी बघितलं. मी हात केला, "या ना बाई." त्यांनी डबा दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि मागच्या मागं निघून गेल्या.

मी घरी आले तर खालच्या घराला कुलूप. बाई भावाच्या गावी श्रीगोंद्याकडं गेल्या होत्या. किल्ली पार्लरवालीकडं आणि माझ्यासाठी निरोप: "तिला म्हणावं, मी शेवट वाचत नाही."

इतका राग आला मला! मी काय पुस्तक आहे? मी इथं जिवंत बाई, ओकते, कण्हते, नवऱ्यावर खेकसते, आणि ही बया मला दोरा बांधून निघून गेली! फोन लावला तर बंद. दहादा लावला, बंद. रागानं रडले. आणि रागाच्या खाली जे होतं, ते असं, की बाईंनी माझ्यासाठी पान वाढायचं मनात धरलंय, आणि गाठही त्यांनी न सांगताच ओळखली होती.

पहिल्या किमोनंतर घरी आले तेव्हा जिना चढवेना. एक पायरी, मग थांबणं, मग श्वास. नवरा खाली स्कूटर लावत होता. मी आधाराला हात टाकला तो भिंतीवर, आणि तो बरोबर त्या मळकट पट्ट्यावर पडला. नेमक्या त्याच उंचीवर. अर्ध्या जिन्यात मला वाटलं, कुणीतरी वरून उतरतंय. मी थांबले. आणि कुणीतरी अंग चोरून मला वाट दिली. किमोत डोकं ठिकाणावर नसतं म्हणतात. असेल. पण त्या दिवसापासून जिन्यात मला भीती वाटली नाही. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली, पण जिना मी चढले, प्रत्येक वेळी भिंतीच्या बाजूनं.

वर्ष गेलं. डॉक्टर म्हणाले, आता दर काही महिन्यांनी येत राहा, सध्या सगळं स्वच्छ आहे. डोक्यावर शाळकरी पोरासारखे केस उगवले होते. मी ठरवलं, हे तोंडावर जाऊन सांगायचं. तोपर्यंत पितृपक्ष आला होता, नवमी नुकतीच आदल्या दिवशी झाली होती. नवऱ्याला म्हटलं तू राहू दे, आणि एकटीच एसटीनं श्रीगोंद्याला गेले, तिथून टमटमनं आत. दोन्ही बाजूंना ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला, मधून वाट. वारा नसताना आत कुठंतरी वाळकं पाचट वाजत होतं.

बाईंच्या भावाची बायको ओट्यावर शेंगा फोडत होती. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "हायेत की. मागं चिंचंखाली बसल्यात. कुनाशी बोलत बसत्यात दिवसभर, आमाला तर कोन दिसत न्हाई. जावा तुमी."

मागं गेले. चिंचेखाली बाज, बाजेवर बाई. वाळल्या होत्या. बूट होते, पण लेस सुटलेल्या. माझी चाहूल लागली तशी त्यांनी वर न बघता थोडं सरकून जागा केली.

"आलीस? बस," बाई म्हणाल्या. "काल पोटभर जेवलीस ना? तुझ्या पानाला कावळा लगेच शिवला. बरं वाटलं मला. तुझं काही राहिलं नव्हतं."

 भर दुपारी, चिंचेच्या सावलीत, मी माझ्याच श्राद्धाचं ऐकत उभी होते. कालच्या वड्यांची केळीची पानं मागच्या उकिरड्यावर पडली होती, त्यातलं एक माझं होतं. क्षणभर, खोटं का बोलू, क्षणभर मलाच खात्री वाटेना. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं होतं का, ते मी आठवायला लागले.

"बाई," मी म्हणाले, "मी जिवंत आहे."

बाईंनी मान हलवली, अगदी मायेनं. "सगळ्या तसंच म्हणतात."

मग मात्र माझं टाळकं सरकलं. एवढं सगळं सोसून इथवर यायचं आणि हिनं मला चिंचेखाली बसवून ठेवायचं? मी बाईंचा हात ओढला, ओढणी बाजूला फेकली आणि तो हात डाव्या बाजूला गच्च दाबून धरला. तिथं आता काही नाही. आडवी शिवण आहे आणि तिच्याखाली लगेच काळीज. चालून आल्यानं, रागानं, भीतीनं ते असं धाडधाड उडत होतं, की माझं मलाच ऐकू येत होतं.

बाईंचा हात आधी नुसता पडून होता. मग बोटं हलली. मग त्यांनी दुसराही हात आणून ठेवला. त्यांनी वर बघितलं, माझ्या केसांकडं, घामाकडं, तोंडाकडं. एवढी वर्षं भूगोल शिकवलेल्या, शब्दन् शब्द तोलून बोलणाऱ्या बाई घराकडं तोंड करून गावभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "वयनी! ए वयनी, तवा टाक! भाकरी कर! ही खरी हाय गं, ही खरी हाय!"